गरम झाली की चेनसॉ सुरू का होत नाही?

सकाळी मशीन थंड असते तेव्हा दोन-तीन ओढींत चालू होते. टाकी संपेपर्यंत कुरकुर नाही. मग पेट्रोल भरायला म्हणून बंद केली, दहा-पंधरा मिनिटे थांबलात, की त्यानंतर दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी दाद देत नाही. तासाभराने पूर्ण निवली की पुन्हा दुसऱ्या ओढीला चालू. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेतली जाड सल म्हणजे वाळलेल्या फांद्या कापणारे असोत, की अवकाळी वादळानंतर नागपुरात रस्त्यावर आडवी झालेली झाडे हटवणारे असोत, लहान चेनसॉ वापरणाऱ्यांची उन्हाळ्यातली तक्रार हीच असते: गरम झाली की मशीन घेऊनच नाही राहिली.

मेकॅनिककडे नेईपर्यंत ती थंड झालेली असते. त्याच्यासमोर एका ओढीत सुरू होते आणि "हिला काही झालं नाही" असे ऐकून आपण परत येतो. म्हणून या बिघाडाचा शोध मशीन गरम असतानाच, काम चालले आहे त्या जागेवरच घ्यावा लागतो. तो कोणालाही घेता येतो. प्लगचा पाना, एक जादा प्लग, कापड आणि थोडा धीर एवढे पुरते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. तक्रार एकच असली तरी तिच्यामागे एकमेकांच्या अगदी उलट असे दोन दोष असू शकतात. एकात इंजिनापर्यंत पेट्रोल पोचतच नाही. दुसऱ्यात गरजेपेक्षा जास्त पोचते आणि प्लग भिजून बसतो. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर बिघाड वाढतो. आणि बाहेरून, दोरी ओढताना, दोन्हींत काहीही फरक जाणवत नाही. त्यामुळे चोक ओढण्याआधी, कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी आणि नवा कार्बोरेटर विकत घेण्याच्या तर खूपच आधी, प्लग काढून बघायचा: ओला आहे की कोरडा?

बंद केल्यावर कार्बोरेटर जास्त तापतो

हे ऐकायला विचित्र वाटते, पण चालू चेनसॉचा कार्बोरेटर बऱ्यापैकी थंड असतो. इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, पाती असतात, ती सिलिंडरच्या पंख्यांवरून (बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवरून) सतत हवा फेकतात. शिवाय आत जाणारे पेट्रोल वाफ होताना कार्बोरेटरची उष्णता घेऊन जाते. मशीन बंद केली की ही दोन्ही कामे एका क्षणात थांबतात. सिलिंडर आणि सायलेन्सर मात्र तापलेलेच असतात. गॅस बंद केल्यावरही जाड तव्यावरची भाकर काही वेळ भाजत राहते, तशी ही साठलेली उष्णता पुढची काही मिनिटे कार्बोरेटरमध्ये उतरत राहते. २५ सीसीच्या आसपासच्या लहान मशीनमध्ये सगळे भाग एकमेकांना चिकटून बसवलेले असल्याने हे जास्तच होते.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यात लवकर उडणारे हलके घटक असतात आणि उशिरा उडणारे जडही असतात. हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. नवतप्यात आपल्याकडे सावलीतली हवाच ४५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतले पेट्रोल आधीच उकळीच्या उंबरठ्यावर असते, त्यात सिलिंडरची धग मिळाली की कार्बोरेटरमध्ये बुडबुडे व्हायला वेळ लागत नाही.

आता हे बुडबुडे का अडवतात, ते बघू. मोटारसायकलच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि फ्लोट असायचा. चेनसॉ आडवी, तिरपी, उलटी कशीही धरावी लागते, म्हणून तिच्यात फ्लोट चालत नाही. त्याऐवजी दोन पातळ पडदे म्हणजे डायफ्राम असतात. पहिला पंपाचे काम करतो. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमध्ये, म्हणजे त्याच्या खालच्या बंद पोकळीत, जो दाब कमी-जास्त होतो, त्याच्या धक्क्यांवर हा पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा एका छोट्या कप्प्यावर बसतो. कप्प्यातले पेट्रोल कमी झाले की तो आत खेचला जातो, बारीक दांडी दाबतो, सुई उघडते आणि पेट्रोल आत येते. या कप्प्यात मावते ते पेट्रोल चमचाभरही नसते. इतक्या थोड्या पेट्रोलची वाफ झाली की जेटमधून म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून थेंबाऐवजी वाफ येते. शिवाय दोरीने फिरवताना इंजिनाचा वेग कमी असतो, त्यामुळे पंपाला मिळणारे धक्केही दुबळे असतात. द्रव ढकलता येतो, वाफ नुसती दबते आणि पुन्हा फुगते. पंप हलत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही.

प्लग कोरडा निघाला तर

दहा-बारा ओढींनंतरही प्लगच्या टोकाला पेट्रोलचा ओलावा किंवा वास नसेल, तर पेट्रोल पोचत नाही हे ठरले. मशीनला पारदर्शक रबरी बल्ब असेल तर तो सात-आठ वेळा सावकाश दाबा. बहुतेक चेनसॉमध्ये हा बल्ब इंजिनात पेट्रोल फवारत नाही. तो टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरमधून फिरवून परत टाकीत पाठवतो. म्हणजे वाफ बाहेर जाते आणि त्या जागी तुलनेने गार पेट्रोल येते. बल्बमध्ये बुडबुडे दिसायचे थांबले की चोक न लावता, रेस थोडी अडकवून ओढा. एवढ्याने सुरू झाली तर दोष वाफेचाच होता.

बल्ब दाबूनही तो भरत नसेल किंवा बुडबुडे थांबतच नसतील तर टाकीतली नळी बघा. पेट्रोलमध्ये राहून ती कडक होते आणि वाकते तिथे चिरते. थंडपणी चीर मिटलेली असते, गरम झाल्यावर उघडते. नळीच्या टोकाचा छोटा फिल्टरही चोंदलेला असू शकतो. नवा फिल्टर स्वस्तात मिळतो, तो धुऊन वापरण्याचा हट्ट करू नये.

टाकीत हवा आत यायला एक बारीक वाट असते. पेट्रोल जसे कमी होते तशी तिथून हवा येते. ती वाट भुशाने बुजली तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही ओढला तरी पेट्रोल येत नाही. अशी मशीन आधी नीट चालते, मग हळूहळू दम तोडते, आणि झाकण सैल केले की पुन्हा चालते. झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज आला तर कारण हेच. पण हे तपासताना घाई नको. तापलेल्या टाकीत पोकळीऐवजी दाबही असू शकतो आणि मग झाकण उघडताच पेट्रोल कारंज्यासारखे उडून गरम सायलेन्सरवर पडते. मशीन हात लावण्याइतकी निवू द्या, झाकणावर कापड धरा आणि अगदी थोडे थोडे फिरवा.

यानंतरही कोरडाच राहिला तर संशय पडद्यावर घ्यावा. नवा डायफ्राम मऊ, लवचिक असतो. जुना झाला की ताठ होतो, बोटाने दाबल्यावर कुरकुरतो. थंड असताना जेमतेम काम भागते, पेट्रोल पातळ होऊन वाफ धरू लागले की भागत नाही. डायफ्राम आणि गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ पट्टी) यांचा संच वेगळा मिळतो, त्यासाठी अख्खा कार्बोरेटर बदलायची गरज नसते. उघडताना प्रत्येक थर उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. गॅस्केट आधी की डायफ्राम आधी, हा क्रम कार्बोरेटरच्या दोन बाजूंना वेगळा असतो आणि तो उलटा झाला तर मशीन थंडपणीही चालणार नाही.

कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मध्ये उष्णता अडवणारा प्लास्टिकचा जाड ठोकळा असतो, तोही बघा. आधीच्या दुरुस्तीत तिथले गॅस्केट गळाले असेल किंवा ठोकळ्याला चीर असेल तर उष्णता सरळ कार्बोरेटरला मिळते आणि वरून फटीतून हवाही आत शिरते. चालू मशीनची रेस गरम झाल्यावर आपोआप चढत असेल, ट्रिगर सोडला तरी उतरत नसेल, तर ही हवेची गळती आहे असे समजून काम तिथेच थांबवा. जादा हवा म्हणजे कमी पेट्रोल, कमी पेट्रोल म्हणजे त्यात मिसळलेले ऑइलही कमी, आणि त्याचा शेवट पिस्टन घासण्यात होतो.

प्लग ओला निघाला तर

माझ्या मते गरम मशीनच्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा हेच घडते, आणि बहुतेकदा ते आपणच घडवतो. थंड मशीनला चोक लागतो म्हणून गरम मशीनलाही सवयीने चोक लावला जातो. चोक हवा अडवतो. गरम इंजिनात पेट्रोलची वाफ सहज होते, त्याला जादा पेट्रोल नकोच असते. तीन-चार ओढींत प्लग भिजतो आणि त्यानंतरची प्रत्येक ओढ आणखी पेट्रोल आत घालते. बऱ्याच मशीनमध्ये चोकचा दांडा पूर्ण ओढून परत आत ढकलला की चोक उघडतो, पण रेस थोडी वर अडकून राहते. गरम मशीन सुरू करायची जागा ती. ही सोय आहे हेच अनेकांना दुकानात कोणी सांगत नाही.

पेट्रोल ओव्हर झालेली मशीन मोकळी करायची तर स्विच बंद करा, प्लग काढा, प्लगची टोपी भोकापासून दूर ठेवा. मशीन अशी धरा की प्लगचे भोक खाली येईल, आणि आठ-दहा वेळा दोरी ओढा. आतले पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर येते, त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट, चूल, गरम सायलेन्सर असलेली दुसरी मशीन काही नको. प्लग कापडाने कोरडा करून बसवा. मग सांडलेल्या पेट्रोलपासून किमान दहा फूट दूर जाऊन, चोक पूर्ण उघडा ठेवून, चेन ब्रेक लावून ओढा. धूर काढत सुरू होईल, ट्रिगर एकदा दाबून लगेच सोडा.

चोक न लावताही प्लग ओलाच होत असेल तर पेट्रोल आपोआप झिरपते आहे. याची एक सोपी परीक्षा आहे. टाकी बऱ्यापैकी भरलेली असताना मशीन वीस मिनिटे चालवा, बंद करा, दोरीला हात न लावता पंधरा मिनिटे तशीच ठेवा. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. तिथे पेट्रोलचे थेंब किंवा ओल दिसली तर सुई नीट बसत नाही. तापलेल्या टाकीत वाफेचा दाब वाढतो, हवेची वाट बहुधा एकाच दिशेची म्हणजे फक्त आत घेणारी असल्याने तो दाब बाहेर पडत नाही, आणि पेट्रोल सुईला ढकलून सिलिंडरकडे उतरते. सुईच्या टोकावर कचऱ्याचा एक कण, झिजलेली कड किंवा वर वाकलेली दांडी एवढे कारण पुरते. सुई आणि तिची जागा स्वच्छ करून, दांडीची उंची मशीनच्या पुस्तकाप्रमाणे ठेवली की बहुतेकदा भागते.

एअर फिल्टर उघडलाच आहे तर तोही बघून घ्या. बाभळीचा किंवा सागाचा बारीक भुसा त्यात ऑइलसह असा बसतो की फिल्टर स्वतःच चोकचे काम करू लागतो. कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा.

ठिणगी आणि दाब

प्लग ना धड ओला ना धड कोरडा, किंवा ओला-कोरडा काहीही केले तरी फरक नाही, तेव्हा ठिणगी तपासावी. इग्निशन कॉइलमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यांच्यावरचे आवरण जुने झाले की तापल्यावर वीज आतल्या आतच निसटते आणि प्लगपर्यंत पोचत नाही. निवले की पुन्हा ठीक. ओळखायची खूण अशी की मशीन बऱ्याचदा चालता चालताच, स्विच बंद केल्यासारखी एकदम बंद पडते. पेट्रोलच्या दोषात ती आधी आचके देते.

तपासणी ती बंद पडल्या पडल्या करावी, कारण अर्ध्या तासाने पुरावा उरत नाही. मशीनमधला प्लग जागेवरच राहू द्या, म्हणजे भोक उघडे पडून पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. टोपी काढून जादा प्लगवर बसवा, त्या प्लगची धातूची बाजू इंजिनाच्या मोकळ्या नटाला टेकवा, हात रबरी टोपीवर ठेवून दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. सावलीत निळसर, कडक ठिणगी दिसली पाहिजे. पिवळट, अधूनमधून येणारी किंवा न येणारी ठिणगी दिसली तर आधी स्विचची तार कुठे सोललेली नाही ना ते बघा, मग कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट. ती साधारण ०.३ मिलिमीटर असते, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइल कसली की जमते. प्लगची स्वतःची फट बहुतेक चेनसॉंना ०.५ मिलिमीटर लागते. एवढे करून गरमपणी ठिणगी जात असेल तर कॉइल बदलणे हाच उपाय. तिची दुरुस्ती होत नाही.

शेवटचे कारण दाबाचे. गरम झाल्यावर ऑइल पातळ होते, सिलिंडर प्रसरण पावतो, आणि झिजलेल्या रिंगांमधून दाब निसटू लागतो. मशीन बंद ठेवून ती दोरीच्या मुठीवर सावकाश लटकवून बघा. निरोगी मशीन अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येते. सरळ घसरत आली तर दाब कमी आहे. गेज असेल तर १२० पीएसआयच्या वरचा आकडा चांगला, ९० च्या खालचा आकडा म्हणजे गरम मशीन सुरू होण्याची आशा फारशी नाही. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारली की पिस्टनवरच्या उभ्या रेघा दिसतात. रेघा असतील तर कार्बोरेटरवर पैसे घालवू नका.

पेट्रोलबद्दल

आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, आणि पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये हे पाणी वाढत जाऊन तळाशी वेगळा थर बसू शकतो. टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच असतो. शंका आली तर थोडे मिश्रण काचेच्या बाटलीत घालून तासभर स्थिर ठेवा, थर असेल तर दिसेल. जुन्या मशीनचे रबर आणि डायफ्रामही इथेनॉलने लवकर ताठ होतात. म्हणून महिनाभरात संपेल इतकेच मिश्रण करावे आणि मशीन ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी.

ऑइलचे प्रमाण पुस्तकात असेल तेच. ५० ला १ म्हणजे लिटरमागे २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. ते टू-स्ट्रोकचेच ऑइल असावे. गाडीचे इंजिन ऑइल घातले तर प्लगवर काजळी धरते आणि सायलेन्सरची जाळी बुजते.

रोजच्या कामातले

काम थांबवताना स्विच लगेच बंद न करता मशीन मिनिटभर मंद चालू ठेवा. फ्लायव्हीलचा वारा तेवढ्या वेळात सिलिंडरची बरीच धग काढून घेतो. मग ती झाडाच्या सावलीत ठेवा, तापलेल्या डांबरावर किंवा बंद टेम्पोत नको. स्टार्टरचे झाकण काढून सिलिंडरच्या पंख्यांमध्ये ऑइलने घट्ट झालेला भुसा खरवडून काढा. तो साठला की वर सांगितलेले सगळे दोष एकदम वाढतात.

आणि कितीही वैताग आला तरी मशीन हवेत धरून, एका हाताने खाली ढकलत दुसऱ्या हाताने दोरी ओढू नका. रेस अडकवलेली असते, सुरू होताच चेन फिरते आणि मांडी तिथेच असते. जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक लावा, मागच्या मुठीवर पाय किंवा गुडघा दाबा, मगच ओढा.

स्क्रूंचा विषय मुद्दाम मागे ठेवला, कारण वरचे सगळे तपासल्याशिवाय त्यांना हात लावू नये. एल स्क्रू मंद चालीचे पेट्रोल ठरवतो, एच स्क्रू पूर्ण रेसचे. उजवीकडे फिरवला की पेट्रोल कमी, डावीकडे फिरवला की जास्त. गरम मशीन कोरड्या प्लगने अडत असेल आणि ट्रिगर दाबताच घुटमळत असेल तर एल स्क्रू एक-अष्टमांश फेरीइतका डावीकडे घेऊन बघा. एच स्क्रू अंदाजाने कधीच आवळू नका. मे महिन्यातल्या दुपारची ४५ अंशांची हवा डिसेंबरच्या सकाळच्या १२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. उन्हाळ्यात जास्त पेट्रोल जाते म्हणून एच स्क्रू आवळून बसवलेली मशीन हिवाळ्यात दाट हवेत कमी पेट्रोलवर चालते. तेव्हा आवाज टणक आणि चढा लागतो, ताकद चांगली वाटते, आणि आत पिस्टन तापत असतो. उन्हाळ्यात स्क्रू फिरवले असतील तर दिवाळीनंतरच्या पहिल्या कामाआधी ते पुन्हा जुन्या जागी आणा. त्यासाठी फिरवण्याआधीच, स्क्रू उजवीकडे हलकेच टेकेपर्यंत किती फेऱ्या बसतात ते मोजून मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.